वीस कोसांचे पारसभाऊ

तमाम खान्देशवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की जगाचा शेवट सापडला आहे. तो यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अलीकडे, एका ओढ्यावरच्या मोरीपाशी आहे. मोरीला दोन्ही बाजूंनी गुडघाभर उंचीचे कठडे आहेत. डावीकडच्या कठड्यावर कोणीतरी एका मुलीचं नाव रंगवून नंतर घाईघाईने खोडलं आहे, उजवीकडचा कठडा बसायला बरा आहे. मी स्वतः जगाच्या त्या टोकावर बसून पपई खाल्ली आहे. मोरीच्या पलीकडे घाट आहे, सागाचं जंगल आहे, माकडं आहेत. पण ते सगळं तुमच्या-माझ्यासाठी. पारसभाऊंचं जग मोरीपाशी संपायचं.

मला हे कळलं तो माझा त्यांच्याबरोबरचा तिसरा की चौथा रविवार असेल. पन्नाशी जवळ आल्यावर डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. चालण्याचा मला मनापासून कंटाळा, म्हणून मी सायकल घेतली, आणि सायकल घेतल्यावर ती चालवावीही लागते हे ध्यानात आलं. जळगावात रविवारी पहाटे निघणारे दोघं मला भेटले. एक सुनीता मॅडम, शाळेत गणित शिकवायच्या आणि चढावर मागे वळून आमची कीव करायच्या. दुसरे पारसभाऊ. स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वय साठीला टेकलेलं, अंगात पांढरा झब्बा, झब्ब्यावर हेल्मेट, आणि पायजम्याच्या पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे. त्या मोरीपाशी ते अचानक सायकलवरून उतरले, कठड्यावर बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मनी हद्द उनी. तुम्ही व्हा पुढे."

मला वाटलं, दमले. मी म्हणालो, "थांबू की थोडं. घाई काय आहे?"

"दमलो नाही. हद्द उनी. माझी हद्द आली," ते म्हणाले. सुनीता मॅडम तोवर पहिल्या वळणाआड दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांना हे रोजचंच होतं.

ही काय भानगड, ते मी परतीच्या वाटेवर खोदून खोदून विचारलं. अठ्ठाविसाव्या वर्षी, एका चातुर्मासात, गावात मुक्कामी असलेल्या जैन महाराजसाहेबांच्या व्याख्यानात लोक एकेक उठून काही ना काही सोडण्याचा नियम घेत होते. शेजारच्या दुकानदाराने उठून जन्मभरासाठी बटाटा सोडला. सगळी सभा पारसभाऊंकडे बघू लागली. "आता बटाटा माझ्याच्याने सुटला नसता," ते मला म्हणाले, "म्हणून मी दिशा सोडल्या." जन्मभर दुकानाच्या उंबऱ्यापासून वीस कोसांपलीकडे जाणार नाही, असा नियम त्यांनी भर सभेत घेतला. तीर्थ, लग्न, मयत आणि दवाखाना एवढ्यापुरती सूट. महाराज म्हणाले, "बेटा, विचार कर. दिशा दहा असतात. वरची आणि खालचीसुद्धा सांगावी लागेल." पारसभाऊ जोशात होते. म्हणाले, "वर अर्धा कोस. खाली आमच्या विहिरीइतकं."

मी पेशाने दिवाणी वकील. शेताच्या बांधाचे, गोठ्याच्या भिंतीचे, सामाईक पाटाचे, म्हणजे थोडक्यात हद्दीचे दावे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तीस वर्षांत मी एकही असा पक्षकार पाहिला नव्हता की जो हद्द स्वतःच्या विरुद्ध मोजतो. पारसभाऊ मोजत. कोस म्हणजे किती, यावर माणसामाणसात फरक आहे. कोणी सव्वातीन किलोमीटर धरतं. भाऊ तीन धरत. "जास्त धरला तर आपणच आपल्याला फसवल्यासारखं," ते म्हणत. म्हणजे साठ किलोमीटर, तेही रस्त्याने. मी एकदा सुचवलं की सरळ रेषेत मोजलं तर हद्द कितीतरी पुढे जाते. ते म्हणाले, "मी काय कावळा शे का?"

त्यांची बायको शांताभाभी हा या प्रकरणातला दुसरा पक्ष. "वकीलभाऊ," मला चहा देताना त्या एकदा म्हणाल्या, "लग्नात मला म्हणाले होते, काश्मीर दाखवीन. चार महिन्यांत हा नियम घेऊन घरी आले. मी आजतागायत इथला मेहरूणचा तलाव बघतेय."

"मग तू बहिणींबरोबर जाऊन आलीस ना काश्मीरला?" भाऊ आतून ओरडले.

"आले. यांना फोटो दाखवले. बर्फ दाखवला, होड्या दाखवल्या. यांनी विचारलं काय? रस्ता कसा होता!"

वीस कोसांचा माणूस म्हटल्यावर तुम्हाला एखादा कोंडलेला, कुढा चेहरा दिसत असेल तर तो पुसून टाका. लांब जायची सोय नसल्यामुळे भाऊ आत आत गेले होते. त्या वर्तुळातला एकही डांबरी रस्ता, एकही पाणंद त्यांनी सोडली नव्हती. "रस्ता लांब नको," ते म्हणत, "दाट पाहिजे. वरणासारखा." मेहरूणच्या तलावाला एक फेरी म्हणजे त्यांच्या लेखी दात घासणं, खरा दिवस त्यानंतर सुरू व्हायचा. रस्त्यांना त्यांनी नावं ठेवली होती. नशिराबादच्या मागून शेताशेतांतून जाणारा तो सासूबाईंचा रस्ता, कारण सुरुवातीला गुळगुळीत आणि मग एकदम दात दाखवणारा. वाघूर धरणाच्या अंगाने जाणारा तो आरशाचा. आणि तापीच्या पलीकडे, दोन्ही बाजूंना उंच केळीच्या बागा असलेला अरुंद रस्ता म्हणजे फ्रीज. एप्रिलमध्ये सगळं जळगाव तव्यावर असताना ते आम्हाला त्या रस्त्यात नेऊन सोडायचे. बागांना पाणी सोडलेलं असायचं, पानांतून गारवा उतरायचा. भाऊ डोळे अर्धे मिटून म्हणायचे, "घ्या, तुमचं काश्मीर."

हिवाळ्यात तर ते नाकाने सायकल चालवत. कुठल्या शिवारात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजणं चाललंय, हे त्यांना एक किलोमीटर आधी कळे. धुराच्या मागे आम्ही कोणाच्या तरी शेतात शिरायचो, आणि न बोलावता गेलेलो असूनही भरीत-भाकरी खाऊन बाहेर पडायचो. घरात ते मारवाडी बोलत, आमच्याशी अहिराणी शिंपडलेली मराठी, आणि शेतात पाय ठेवला की अस्सल अहिराणी, ज्यात 'आहे'चं 'शे' होतं आणि 'हे सगळं'चं 'हाई बठ्ठं'. शेतातल्या म्हाताऱ्या त्यांना 'आपला भांडीवाला' म्हणत आणि आम्हाला 'त्याच्यासोबतचे दोन शहरवाले'.

या वर्तुळाची एक गंमत अशी की ते जागेवर थांबत नसे. बोदवडच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हाची गोष्ट. बोदवड स्टेशनच्या बाहेरचा चहा भाऊंच्या हद्दीत होता, किलोमीटरभर राखून. रस्ता खोदला आणि गाड्यांसाठी शेतातून सव्वादोन किलोमीटरचा वळसा काढला. त्या रविवारी गावाची पाण्याची टाकी समोर दिसत असताना भाऊ एका बाभळीखाली उतरले. "मनी हद्द उनी."

"भाऊ, गाव जागच्या जागी आहे! मागच्या महिन्यात तुम्ही तिथे दोन कप प्यायलात!"

"मागच्या महिन्यात रस्ता लहान होता."

"बरं, मी जाऊन चहा घेऊन येतो."

"हद्दीबाहेरची वस्तू मागवणं हाही दोष धरतात."

वकिलाला असं काही ऐकवू नये. मी म्हणालो, "आणि तुम्ही मागवलाच नाही, मीच आपणहून आणला तर?"

भाऊंनी बाभळीकडे बघत बराच विचार केला. "तर मग," ते म्हणाले, "तो तुमच्या आणि चहाच्या मधला विषय." मी पाण्याची बाटली रिकामी केली आणि तिच्यातून चहा आणला. त्याला प्लॅस्टिकचा वास येत होता. भाऊ तो मिटक्या मारत प्यायले.

तेव्हापासून मी त्यांची केस मनातल्या मनात चालवायला घेतली. कारण मला एक गोष्ट दिसली होती, जी ते बोलून दाखवत नसत. बोदवडचा चहा गेला तर त्यांना फारसं दुःख नव्हतं, पण त्या घाटाचं होतं. दर दोन-तीन आठवड्यांनी आम्ही त्या मोरीपर्यंत जायचो. ते कठड्यावर बसायचे, आम्ही घाट चढून यायचो, आणि खाली आलो की त्यांचा एकच प्रश्न: "वर काय दिसस?"

सुनीता मॅडम सांगायच्या, "चढ सात टक्क्यांचा आहे, शेवटची दोन वळणं नऊची." हे ऐकून कोणाचं समाधान होईल? मग मी सांगायचो. मी काय सांगायचो ते विचारू नका. मी धबधबे सांगितले. मोर सांगितले. एकदा, देव मला क्षमा करो, अस्वल सांगितलं. भाऊ सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "अस्वल मागच्या वेळी डाव्या हाताला होतं." तरी पुढच्या खेपेला पुन्हा विचारत. दुकानाच्या गच्चीवरून स्वच्छ हवेत सातपुड्याची निळी रेघ दिसते. त्या रेघेकडे ते बघत तसं मी माझ्या सनदेकडेही कधी बघितलं नाही.

एका रविवारी मी कागदपत्रांसह तयार होऊन गेलो. म्हणालो, "भाऊ, तोडगा सापडला. दक्षिणेकडे तुम्ही वीस कोस कशाला ठेवलेत? तिकडचे दोन कोस कमी करा आणि उत्तरेला जोडा. एकूण क्षेत्र तेवढंच राहतं. कुठलंही कोर्ट मान्य करेल."

भाऊ इतके हसले की त्यांना सायकल थांबवावी लागली. "वकीलसाहेब, हे तर व्रतांच्या पुस्तकात लिहिलेलं शे! दोष म्हणून! एका दिशेचं काढून दुसऱ्या दिशेला जोडू नये, असं स्पष्ट सांगितलंय." मग डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी तुमच्यासारखा वकील होऊन गेला, आणि त्याच्यामुळे हे लिहावं लागलं."

चौसष्टाव्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी फोटो काढून स्वच्छ सांगितलं: सपाटीवर चालवा हवी तितकी, पण चढाचा एक हिवाळा राहिलाय, फार तर दोन. भाऊंनी ही बातमी आम्हाला हवामानाचा अंदाज सांगावा तशी सांगितली. त्याच सुमारास मात्र आशेचीही एक गोष्ट उभी राहत होती, अक्षरशः उभी. तापीवर नव्या पुलाचे खांब. कामावर पाटी होती की यावलकडचं अंतर पाच किलोमीटरने कमी होईल. सगळ्या जिल्ह्याने ती पाटी वाचली आणि विसरली. भाऊंनी वाचली आणि गणित केलं. रस्ता पाच किलोमीटरने आखूड झाला की त्यांची हद्द मोरीच्या पुढे पाच किलोमीटर सरकणार. मोरीपासून घाटाचा माथा, सुनीता मॅडमच्या सायकलवरच्या मीटरप्रमाणे, चार किलोमीटर नऊशे मीटर. शंभर मीटर राखून!

त्यानंतर एवढ्या भक्तिभावाने एखाद्या पुलाकडे कोणी पाहिलं नसेल. दर रविवारी भाऊ तिथे जात, उतरत, पांढऱ्या झब्ब्यात आणि हेल्मेटात खांबांखाली फिरत, खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत. कामावरच्या सुपरवायझरला वाटायचं, वरून कोणी साहेब तपासणीला आले. तो धावत यायचा. "साहेब, स्लॅब पुढच्या महिन्यात नक्की!"

"घाई नको," भाऊ म्हणायचे, "पण गुडघे थांबणार नाहीत." सुपरवायझर हे वाक्य कशाबद्दल आहे याचा आठवडाभर विचार करत असणार. पण स्लॅब टाकून झाला, पुढच्याच महिन्यात.

मग काम अडलं. नदीच्या उत्तर काठावर जोडरस्ता एका केळीच्या बागेतून सरळ जाणार होता. बागवाल्याने दावा लावला की मोजणीत त्याच्या बांधाची हद्द चुकली आहे. दावा चालला, आणि बागवाला जिंकला. जोडरस्ता बागेला वळसा घालून न्यायचं ठरलं. बागवाल्याचा वकील अत्यंत हुशार, तडफदार आणि देखणा होता. त्याने त्या संध्याकाळी ओळखीच्या सगळ्या दुकानांतून पेढे वाटले. पारसभाऊंनी दोन घेतले. तो वकील मीच होतो, आणि आपण नेमकं काय जिंकलंय हे माझ्या त्या हुशार डोक्यात आलं नव्हतं.

पूल सुरू झाला तेव्हा भाऊ सहासष्टचे होते आणि दोन हिवाळ्यांपैकी दुसरा अर्धा उरला होता. ठरलेल्या रविवारी उजाडता उजाडता आम्ही दुकानापाशी जमलो. भाऊंनी पुढचं चाक उंबऱ्याला टेकवलं, मीटर शून्यावर आणला. शांताभाभी पुतण्याच्या गाडीतून मागे येणार होत्या, मांडीवर खाकऱ्यांचा डबा. "इतकी वर्षं ऐकतेय त्या घाटाचं," त्या म्हणाल्या. "बघू तरी सवत कशी दिसते."

हवा गार होती, वारा नव्हता. पूल ओलांडताना भाऊंनी एक हात सोडून नदीला नमस्कार केला. पलीकडे उतरलो, आणि जोडरस्ता डावीकडे वळला. वळला तो वळतच राहिला. केळीच्या बागेला पूर्ण प्रदक्षिणा घालावी तसा. ही तीच बाग. मी पेडल मारत बेरीज-वजाबाकी करू लागलो, आणि माझं गणित कच्चं आहे याचा आयुष्यात पहिल्यांदा आधार वाटला. पण मोरीपाशी भाऊंच्या मीटरवर आकडा होता पंचावन्न पूर्णांक चार. पाटीवरच्या पाच किलोमीटरमधले चारशे मीटर बागेने खाल्ले होते. मोरीच्या कठड्याला भाऊंनी वाकून बोटं लावली आणि प्रथमच, सायकलवरून न उतरता, पुढे गेले.

घाट त्यांनी हळू चढला. मी मागून त्यांचे गुडघे बघत होतो; उजवा दर फेरीला जरा बाहेर जात होता. माकडं रस्त्याच्या कडेला बसून आमची मिरवणूक बघत होती. भाऊ त्यांनाही मान लवून पुढे जात. प्रत्येक वळणावर त्यांची नजर वर असायची, झाडांच्या शेंड्यांवर, आणि मग खाली मीटरवर. वरून सुनीता मॅडमची हाक आली. "भाऊ, या! फक्त दोन वळणं!"

मीटरवर साठ आले. भाऊ उतरले.

समोर तांबडा कातळ होता, त्यावर वाळलेलं गवत, आणि 'सावधान, पुढे वळण आहे' असा फलक. एवढंच. गाडी मागे येऊन थांबली. मी सायकल टाकून त्यांच्यापाशी गेलो आणि उभ्या आयुष्यात एवढी वाईट वकिली केली नसेल तेवढी केली. टायरमध्ये हवा कमी असेल. मीटर शंभराला एक चुकतो, कंपनीच लिहिते. कोस म्हणजे सव्वातीन, हे कितीतरी लोक धरतात. भाऊ नुसते हसत होते, दम खात. शेवटी माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "भाऊ, ते चारशे मीटर माझे आहेत. तो बागवाला माझा पक्षकार होता."

"माहीत शे," भाऊ म्हणाले. "पेढा चांगला होता."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"त्याची बाग होती. तुम्ही बरोबर मोजून दिली. त्यात काय बोलायचं?"

शांताभाभी गाडीतून उतरल्या होत्या. त्यांनी कातळाकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "अडतीस वर्षं थांबलात," त्या म्हणाल्या, "ते हा दगड बघायला?" पण बोलताना त्यांनी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला, हे मी पाहिलं.

भाऊ गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. त्या दिवसानंतर त्यांचे गुडघे पुन्हा घाट चढले नाहीत. सपाटीवर मात्र ते शेवटच्या महिन्यापर्यंत आमच्या पुढे असायचे. मी अजून कोणाला त्यांच्याबद्दल सांगायला लागलो की लोक विचारतात, एवढा सरळ माणूस, मग त्याला मिळालं काय? मी त्यांना त्या वळणावरच्या पुढच्या मिनिटाची हकिगत सांगतो.

त्यांना पाणी हवं होतं. बाटली सायकलला होती, सायकल रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या कठड्याला टेकवलेली. बाटली घ्यायला ते वळले. घाट चढताना आपली पाठ सगळा वेळ दक्षिणेकडे असते, उतरताना नजर ब्रेकवर आणि वळणावर, आणि माथ्यावर पोचायच्या घाईत आमच्यापैकी कोणी तिथे कधी थांबलंच नव्हतं. कठड्याच्या खाली डोंगर एकदम तुटत होता. ऊन नुकतं वर आलेलं. पायथ्यापासून सुरू झालेल्या केळीच्या हिरव्या चौकोनांना अंत नव्हता, मधूनमधून कापसाचे पांढरे तुकडे, त्यांच्यामधून तापी, तिच्यावर काडीएवढा नवा पूल, पलीकडे जळगावच्या अंगाला धुराचा पट्टा, आणि सगळीकडे रस्ते. सासूबाईंचा, आरशाचा, फ्रीजचा. कुठला कुठे जातो हे त्या माणसाला डोळे मिटून ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांवरून तो नाकाने, पायांनी, बुडाने गेला होता. वरून त्याने ते कधी पाहिले नव्हते. त्याचं बोट एका रस्त्यावरून हवेतच फिरत गेलं, दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर जाऊन थांबलं. भाभी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाटली हातात तशीच होती, झाकण उघडलेलं.

"आरे बाप रे," पारसभाऊ केवढ्याने तरी ओरडले, "इतलं मोठं शे हाई बठ्ठं?"